रेशन भट्टीपर्यंत पोचते, मग पोराचे ताट का नाही?

दिवाळी तोंडावर आली आहे. जव्हार-मोखाड्याच्या उतारावरची नागली आणि वरई कापून खळ्यावर यायला लागली आहे. आणखी थोडेच दिवस. मग देवदिवाळीच्या आगेमागे पाड्यापाड्यावर टेम्पो येऊन उभे राहतील. दोन पातेली, एक हंडा, गोधड्यांचे गाठोडे, दोनचार कोंबड्या आणि पोरेबाळे भरून ते घाट उतरतील. कोणी भिवंडीला, कोणी वसईला, कोणी वाड्याला, कोणी कल्याणकडे. वीटभट्टीवर पोचायचे, पेंढ्याची खोपी उभारायची आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत तिथेच राहायचे.

वाचकहो, हे दृश्य आपल्याला नवे नाही. इतके जुने झाले आहे की त्याचे काही वाटेनासे झाले आहे. पण या टेम्पोबरोबर दरवर्षी आणखी एक गोष्ट घडते आणि तिची नोंद कुठल्याच कचेरीत होत नाही. ज्या दिवशी मूल टेम्पोत चढते, त्या दिवशी त्याचे दुपारचे ताट बंद होते. सरकारने ते बंद केलेले नसते. गावच्या शाळेत चूल पेटलेली असते, तांदूळ आलेला असतो, शिजवणारी बाईही हजर असते. जेवणारे पोर मात्र पन्नास-साठ मैलांवर विटा उलटत बसलेले असते.

आजचा मुद्दा एवढाच आहे. शाळेचे जेवण शाळेच्या भिंतीला बांधलेले आहे आणि आदिवासी मुलाची भूक त्याच्या आईबापांच्या पायाला बांधलेली आहे. ही गाठ सोडवल्याशिवाय कुपोषणावर कितीही खर्च केला तरी तो अर्ध्या वर्षाचाच ठरणार आहे.

भुकेचे पंचांग

शहरातल्या माणसाला वाटते, गरिबाची भूक बारा महिने सारखीच असते. तसे नसते. डोंगरातल्या भुकेला महिने आहेत. कार्तिकात खळ्यावर धान्य येते तेव्हा घरात जरा बरकत असते. एवढ्याशा वरकस जमिनीवर पिकून पिकणार किती? कणगीचा तळ लवकरच दिसायला लागतो. मग ज्येष्ठ-आषाढात पेरणी-आवणीची कामे डोक्यावर आणि घरात दाणा नाही. श्रावण-भाद्रपद हे तर सर्वांत कठीण. अंगमेहनत जास्तीत जास्त आणि पोटात कमीत कमी. या दिवसांत जंगल सांभाळून घेते. पाऊस सुरू होताना शेवळी येतात, मग टाकळा, कुरडू, भारंगीची भाजी, नंतर करांदे आणि कडूकंद. पण रानभाजी तोंडी लावायला असते. भाकरीची जागा ती घेत नाही.

या पावसाळी उपासमारीला आपल्याकडे फार जुने नाव आहे – खावटी. पावसाळ्यात खाण्यापुरते सावकाराकडून उचललेले धान्य म्हणजे खावटी. ते पिकावर दीडीदुपटीने फेडायचे, फिटले नाही तर अंग मोडून सावकाराच्या शेतावर राबायचे. तलासरी-डहाणूकडचा वारली १९४५ साली गोदूताई परुळेकरांच्या पाठीशी उभा राहिला त्यामागे ही वेठ आणि हे कर्जही होते. पुढे सरकारनेच १९७८ पासून खावटी कर्ज द्यायला सुरुवात केली. कोरोनाच्या काळात, २०२० साली, त्याचे अनुदान झाले. कुटुंबामागे चार हजार रुपये, त्यांतले निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने. म्हणजे डोंगरात पावसाळ्यात अन्न कमी पडते हे सरकारला ठाऊक नाही, असे कोणी म्हणू नये. पंचांग सरकारपाशीही आहे. फक्त शिक्षण खात्याच्या भिंतीवर ते टांगलेले नाही.

पावसाळ्यातल्या या महिन्यांत शाळेची खिचडी किती मोलाची असते, हे बघायचे असेल तर श्रावणात एखाद्या पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत दुपारी जाऊन उभे राहा. धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलेली तिसरीतली मुलगी आपल्या ताटातले दोन घास आधी त्याला भरवते आणि मग स्वतः जेवते. त्या ताटाला योजना म्हणा, अभियान म्हणा, काहीही म्हणा. त्या पोरीच्या दिवसातले ते पहिले धड जेवण असू शकते.

खिचडी कशी आली

ही खिचडी कोणी दया म्हणून वाढलेली नाही, हे एकदा नीट लक्षात घेतले पाहिजे. आपल्यातल्या वयस्कर वाचकांना १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आठवत असेल, मिलोच्या भाकरीही आठवत असतील. ती तात्पुरती मदत होती. तामिळनाडूत कामराजांनी १९५६ साली शाळेत जेवण सुरू केले आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ साली ते राज्यभर वाढवले. केंद्राची योजना आली १५ ऑगस्ट १९९५ ला. पण तेव्हा बहुतेक राज्यांनी, आपल्यानेही, शिजवलेले अन्न दिले नाही. महिन्याला तीन किलो तांदूळ द्यायचा आणि तोही ज्याची हजेरी ऐंशी टक्के भरेल त्याला.

ही अट पुन्हा एकदा वाचा. ऐंशी टक्के हजेरी! ज्या मुलाचे आईबाप वर्षातले सहा महिने भट्टीवर, त्याची हजेरी ऐंशी टक्के कुठून भरणार? म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच पहिल्या दिवसापासून बाद.

२८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात आदेश दिला की प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेले जेवण मिळाले पाहिजे, वर्षातून निदान दोनशे दिवस. त्यानंतर आपल्या शाळांत चुली पेटल्या आणि घरोघर ‘खिचडी’ हा शब्द गेला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण हक्क म्हणून लिहून दिले. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने. २०२१ पासून योजनेचे नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे झाले. नाव बदलले, हक्क तोच राहिला.

पण कायद्याच्या कलमात चार शब्द आहेत, ‘शाळेची सुट्टी वगळून’. आणि एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे मूल शाळेत आहे. डोंगरातल्या मुलाचे अन्न नेमके या दोन ठिकाणी सांडते.

तांदूळ चालतो, ताट अडते

आता गंमत बघा. रेशनच्या बाबतीत सरकारने शहाणपणाचे काम केले आहे. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत महाराष्ट्र २०२० च्या आरंभापासून आहे. जव्हारचे कार्ड असलेला माणूस आज भिवंडीच्या दुकानात अंगठा लावून आपले धान्य उचलू शकतो. यंत्र बंद आहे, रेंज नाही, दुकानदार ‘कोटा संपला’ म्हणतो, या तक्रारी आहेतच. पण तत्त्व मान्य झाले की धान्य माणसामागे जायचे, माणसाने धान्यामागे नाही.

अंगणवाडीच्या बाबतीतही महिला व बालविकास खात्याने पाऊल टाकले. स्थलांतर करणाऱ्या गरोदर बाया आणि लहान मुले कुठून कुठे गेली याचा माग ठेवणारी संगणकाची पद्धत २०२२ साली आणली. ज्या जिल्ह्यांत ती आधी करून पाहिली त्यांत आपला पालघर होता. अंमलबजावणी किती झाली हा वेगळा प्रश्न. पण बाई हलली तर तिचा आहार तिच्यामागे गेला पाहिजे, हे तिथेही मान्य झाले.

राहिले कोण? सहा ते चौदा वर्षांचे मूल. आईचा आहार हलतो, बापाचे रेशन हलते, मधल्या पोराचे ताट तेवढे गावच्या शाळेत खिळ्याला टांगलेले.

हिशेब फार सोपा आहे, शाळकरी मुलालाही जमेल. देवदिवाळीपासून एप्रिलअखेरपर्यंत शाळेचे निदान शंभर दिवस भरतात. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य. म्हणजे दहा किलो. आहार शिजवण्याच्या साहित्याचा दर १ मे २०२५ पासून प्राथमिकला दिवसाला ६ रुपये ७८ पैसे ठरला आहे. शंभर दिवसांचे झाले ६७८ रुपये. दहा किलो धान्य आणि पावणेसातशे रुपये – एका मुलाचा अर्ध्या वर्षाचा हक्क एवढा आहे. एवढ्यासाठी राज्याची तिजोरी रिकामी होत नाही. पण ते पोर जानेवारीच्या थंडीत, खर्चीच्या पैशांतून आणलेल्या तांदळाची पेज आणि मीठमिरची यांच्यावर दिवस काढते. बयाणा आधीच खर्च झालेला, आठवड्याच्या बाजाराला मिळणारी खर्ची बेताची. त्यात तेल आणायचे, डाळ आणायची की पोराला औषध, हा हिशेब आईने मनात करायचा.

‘मुले घरी ठेवून जावे’ म्हणणाऱ्यांना

काही शहाणे लोक म्हणतात, आईबापांनी मुलांना न्यावेच कशाला? आजीजवळ ठेवावे, आश्रमशाळेत घालावे.

ठीक आहे. आजीजवळ ठेवले तर दुपारची खिचडी मिळेल. रात्रीचे काय? घरात राहिलेली म्हातारी स्वतःच कोणाच्या तरी आधाराने जगते. शिवाय भट्टीवर काम जोडीने मोजतात. आई मध्यरात्री उठून गारा मळायला आणि साच्यात विटा पाडायला लागते, तेव्हा तान्ह्याला सांभाळायला आठ वर्षांची पोरगी बरोबर लागते. आईला हौस नसते. तिच्यापुढे दुसरा पर्याय नसतो.

आश्रमशाळा जरूर आहेत. राज्यात सरकारी आणि अनुदानित मिळून हजाराच्या आसपास. तिथे दोन वेळचे जेवण आहे, निवारा आहे, आणि चांगल्या चालणाऱ्या आश्रमशाळांतून शिकून वर आलेली माणसे आज या जिल्ह्यात ठिकठिकाणी दिसतात. पण पहिली-दुसरीतले लेकरू आईपासून तोडून वसतिगृहात ठेवणे हा प्रत्येकाला मानवणारा उपाय नाही. आणि तिथल्या अन्नावरही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून आलेले जेवण जेवून एकाच वेळी अनेक आश्रमशाळांतली मुले आजारी पडली. एका गावची चूल बिघडली तर एका गावाचे नुकसान होते. पन्नास गावांची एकच चूल केली की बिघाडही पन्नास गावांचा होतो. मोठे स्वयंपाकघर दिसायला झकपक असते, पण जेवणावर गावाची नजर राहात नाही.

तिसरे म्हणणे असे, की भट्टीजवळच्या शाळेत नाव घाला. शिक्षणहक्काचा कायदा सांगतो की वर्षाच्या मध्येही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोयही राज्याने काढली आहे. कागदावर रस्ता सरळ आहे. मग मूल का पोचत नाही?

याचे एक कारण शिक्षकांना खाजगीत विचारा, लगेच सांगतील. शाळेतली शिक्षकांची पदे पटावर ठरतात. संचमान्यतेला ३० सप्टेंबरचा पट धरतात. पाड्यावरच्या शाळेत पट आधीच वीस-पंचवीस. दाखले काढून मुले भट्टीकडच्या शाळेत पाठवली तर पट कोसळतो, एक शिक्षक जातो, उद्या शाळेवरच गदा येते. २०२३ साली समूह शाळांच्या नावाने कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विषय निघाला तेव्हापासून ही धास्ती वाढलीच आहे. शाळा गेली की तिच्याबरोबर गावातली ती एक चूलही जाते. म्हणून गुरुजी नाव कापत नाहीत. इकडे नाव आहे, मूल नाही. तिकडे मूल आहे, नाव नाही. आणि ताट नावाला मिळते, मुलाला मिळत नाही.

दुसरे कारण आपण स्वतः ओढवून घेतलेले. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी जव्हार आणि भिवंडी एकाच ठाणे जिल्ह्यात होते, जिल्हा परिषद एकच होती. आता भिवंडीची भट्टी दुसऱ्या जिल्ह्यात गेली. मूल एका दिवसात सरहद्द ओलांडते. त्याचा कागद ओलांडायला वर्ष लागते.

नाव गावात, ताट भट्टीवर

यातून वाट नाही असे नाही. आमची सूचना साधी आहे. मुलाचे नाव गावच्या शाळेतच राहू द्या. त्याने शाळेचा पटही राहील आणि परतल्यावर मुलाचा वर्गही राहील. पण जेवण मात्र मूल जिथे असेल तिथे द्या. भट्टीजवळच्या जिल्हा परिषद शाळेने त्याला पाहुणा विद्यार्थी म्हणून बसवावे, जेवू घालावे, आणि तेवढे धान्य व तेवढा खर्च त्या शाळेला जादा मिळावा. आज किती मुले जेवली याची नोंद शिक्षक मोबाइलवर करतातच. जे यंत्र एका मुलाच्या जेवणाचा रोजचा हिशेब ठेवू शकते, त्याला ते मूल दुसऱ्या शाळेत जेवले एवढे कळायला काय हरकत आहे? एकाच मुलाच्या नावावर दोन ठिकाणी तांदूळ लागेल ही भीतीही याच नोंदीने जाईल.

जिथे भट्ट्या शाळेपासून लांब, रस्त्यापलीकडे किंवा नदीकाठी असतील, तिथे भट्ट्यांच्या समूहासाठी एक जेवणाचे ठिकाण काढावे. हे काही स्वप्न नाही. नव्वदीच्या दशकात वसई भागात भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालल्या होत्या. भट्टीवरच्या खोपीला भोंगा म्हणतात, म्हणून भोंगाशाळा. ऊसतोडीच्या पट्ट्यात साखरशाळा चालल्या. एवढ्याशा साधनांत कार्यकर्त्यांना जे जमले, ते जिल्हा परिषदेच्या यंत्रणेला जमू नये?

आणि भट्ट्या कुठे आहेत हे शोधायला समिती नेमायची गरज नाही. मातीच्या परवानगीसाठी भट्टीमालकाला तहसील कचेरीत यावेच लागते. यादी तिथल्या कपाटात आहे. महसूल खात्याने ती शिक्षण खात्याला द्यायची, दोन्ही कचेऱ्यांमध्ये बहुधा एक जिनाच आहे.

जी मुले आजीजवळ राहतात, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. मराठवाड्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालवण्याची योजना सर्व शिक्षा अभियानात झाली. आईबाप गेले तरी मूल गावात राहते आणि त्याला सकाळ-संध्याकाळ जेवण मिळते. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांना याच धर्तीवर निदान रात्रीचे जेवण सुरू करावे. शिजवायला बाहेरून कोणाला आणायला नको. शाळेत शिजवणारी बाई गावचीच आहे. तिचे केंद्राचे मानधन २००९ साली महिन्याला हजार रुपये ठरले, आणि तेही वर्षातून दहाच महिन्यांचे. राज्याने आपल्या पदरची भर घातली असली तरी तेवढ्यावर तिचे घर चालत नाही. तिला दुसऱ्या जेवणाचे रास्त पैसे दिले, तर एक बाई तरी बयाणा घ्यायची थांबेल.

सुट्टीतली भूक आणि पावसातली अडचण

आता त्या ‘सुट्टी वगळून’ या शब्दांकडे येऊ. २० एप्रिल २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना जेवण द्यावे. चांगला आदेश आहे आणि आपल्या राज्यातही दुष्काळाच्या वर्षांत सुट्टीत जेवण दिले गेले आहे. पण दुष्काळ मोजतात पावसाच्या मापाने आणि पैसेवारीने. जव्हार-मोखाड्यात पाऊस धोधो कोसळतो, डोंगरावरून वाहून जातो आणि चैत्रात बायका हंडाभर पाण्यासाठी दरी उतरतात. या भागाची टंचाई पावसाच्या आकड्यात दिसत नाही. पाऊस भरपूर म्हणून दुष्काळ नाही, दुष्काळ नाही म्हणून सुट्टीतले जेवण नाही, असा हा न्याय. आमचे म्हणणे आहे की अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांसाठी ही दुष्काळाची अट काढून टाकावी. कोरोनाच्या काळात शाळा बंद असताना मुलांच्या वाट्याचा तांदूळ आणि कडधान्य पालकांच्या हातात दिले होते. शाळा बंद असतानाही मुलाचा वाटा घरी पोचवता येतो, हे तेव्हाच सिद्ध झाले. मे महिन्यात तसेच करायला कोणती अडचण आहे?

पावसाळ्याची अडचण वेगळी. आपल्याकडे प्रत्येक घरात आगोटीची बेगमी करतात. मीठ, मिरची, सुकी मासळी, लाकूडफाटा सगळे पावसाआधी घरात. शाळेला मात्र महिन्याच्या हिशेबाने धान्य. ओढे भरले, रस्ता खचला की गाडी अडकते आणि नेमक्या भुकेच्या महिन्यात चूल थंड. २०१५ चे नियम सांगतात की शाळेच्या दिवशी जेवण मिळाले नाही तर मुलाला तेवढे धान्य आणि पैसे भत्ता म्हणून द्यावे लागतात. किती पालकांना हे ठाऊक आहे? भत्त्यापेक्षा सोपे म्हणजे दुर्गम शाळांना जूनच्या पहिल्या आठवड्यातच तीन महिन्यांचे धान्य पोचवणे. अडाणी म्हणून ज्यांना हिणवतो त्या म्हाताऱ्या बायकांना कळते, ते नियोजन करणाऱ्यांना कळायला हवे.

ताटात काय असावे

शेवटची गोष्ट ताटाची. आपल्या डोंगरात पिकते नागली. तांदळात जिथे शंभर ग्रॅमला दहाएक मिलिग्रॅम कॅल्शियम, तिथे नागलीत तीनशेच्या वर. हे जगाला कळले, २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले. ओडिशाने २०१७ साली भरडधान्याचे अभियान काढले आणि पुढे तिथल्या आदिवासी जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांना नाचणीचे लाडू देऊ केले. आपल्या शाळेत मात्र नागली पिकवणाऱ्याच्याच पोराला बाहेरून आलेला तांदूळ. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी नाचणीला क्विंटलला ४,८८६ रुपये हमीभाव जाहीर केला. आदिवासी विकास महामंडळाने हमीभावाने ती गावातच घ्यावी आणि गावच्याच शाळेला द्यावी. चार पोती नागली खात्रीने विकली गेली म्हणून स्थलांतर थांबेल, असा भाबडा दावा आम्ही करत नाही. पण बयाणा थोडा कमी घ्यावा लागेल, आणि निघायचा दिवस थोडा लांबेल. तेवढेही पुष्कळ आहे.

अंड्याचेही तसेच. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेने अंडी गेली. शाळेत २०२३ च्या नोव्हेंबरपासून आठवड्याला एक अंडे सुरू झाले आणि २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्याचा खास निधी बंद केला. ज्यांना द्यायचे त्यांनी लोकवर्गणीतून द्यावे, असे सांगितले. शहराजवळच्या शाळेला वर्गणी मिळेल. पाड्यावरच्या शाळेने वर्गणी कोणाकडे मागावी, भट्टीवर गेलेल्या बापाकडे? निदान अनुसूचित क्षेत्रापुरता तो निधी पुन्हा द्यावा.

आता आपल्याकडे वळू

वाचकहो, १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालके दगावली तेव्हा सगळे राज्य हादरले. मंत्री आले, गाड्या आल्या, योजना आल्या. २०१६ साली मोखाड्यात पुन्हा तेच. प्रत्येक वेळी आपण मृत्यूनंतर जागे होतो. पण पोर एका दिवसात कुपोषित होत नाही. ते महिन्यामहिन्याने वाळत जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरांतली छत्तीस मुले वजनाने कमी भरली. ही साऱ्या राज्याची सरासरी आहे. जव्हार-मोखाड्यासारख्या तालुक्यांत, जिथे दहांतली नऊ माणसे आदिवासी, तिथले चित्र काय असेल ते सांगायला नको. हीच मुले पुढच्या वर्षी पहिलीत येऊन बसतात.

म्हणून दिवाळीआधीच चार कामे व्हावीत. पालघर आणि ठाणे जिल्हा परिषदांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी एकत्र बसून जाणाऱ्या मुलांची यादी आणि भट्ट्यांची यादी समोरासमोर ठेवावी. शाळा व्यवस्थापन समित्यांनी जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यावे आणि कुठल्या भट्टीवर चालले ते वहीत लिहून घ्यावे. ग्रामसभांनी पेसाच्या अबंध निधीतून आजीजवळ राहणाऱ्या मुलांच्या रात्रीच्या जेवणाचा ठराव करावा. आणि या भागाच्या आमदार-खासदारांनी ‘सुट्टी वगळून’ हे शब्द अनुसूचित क्षेत्रापुरते निघावेत म्हणून सभागृहात तोंड उघडावे.

एक काम तुमच्याकडेही आहे. हा अंक भिवंडीत, वसईत, कल्याणात वाचला जातो. तुमच्या घराच्या भिंतीत ज्या विटा आहेत, त्यांतल्या काही नक्कीच अशा एखाद्या पोराच्या हातून उलटल्या गेल्या असतील. जानेवारीत तुमच्या गावाजवळच्या भट्टीवर धूर दिसला की एकदा तिथे जा. मुले किती आहेत ती मोजा. मग जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जा आणि गुरुजींना एवढेच विचारा, “ती मुलं आज इथं जेवली का?”

‘नाही’ असे उत्तर आले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा आणि पुन्हा विचारा.